मागची सीट आणि दहावं वर्ष

गाडी बनवणारे, गाडी विकणारे आणि गाडीवर लिहिणारे या तिघांचं एका बाबतीत कायम एकमत असतं: जे काही चाललंय ते ग्राहकानेच मागून घेतलेलं आहे. छतभर सनरूफ, डॅशबोर्डभर स्क्रीन, जेमतेम एक लिटरच्या इंजिनावर बसवलेला टर्बो, छातीपर्यंत येणारं बॉनेट, सगळं म्हणे लोकाग्रहास्तव. मागे बसणाऱ्याचे गुडघे पुढच्या सीटला टेकतात, किंवा वॉरंटी सरली की गिअरबॉक्सचा खर्च विचारायची सोय राहत नाही, अशी कुरकुर कुणी केलीच तर विक्रीचे आकडे पुढे सरकवले जातात. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात ४३ लाखांच्या घरात प्रवासी वाहनं विकली गेली. त्यातली जवळपास २८ लाख युटिलिटी वर्गातली, म्हणजे एसयूव्ही आणि एमपीव्ही. शंभरातले पासष्ट लोक जे घेतात त्याला नावं ठेवणारे तुम्ही कोण, असा एकूण सूर.

पण हा कौल दिला कुणी? गाडी पाहायला शोरूममध्ये जातो तो घरातला कर्ता माणूस. तो स्टिअरिंगवर बसतो, शेजारी सेल्समन बसतो, आणि पुढच्या सिग्नलवरून वळसा घालून दहा-पंधरा मिनिटांत दोघे परत येतात. मागे कुणी बसलंच तर मुलं, आणि मुलांना कुठेही जागा पुरते. ज्या आजींना पुढे याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून नाशिक-ठाणे करायचंय, त्या घरी असतात. गाडीचं आठवं, दहावं वर्ष तर शोरूममध्ये कुणालाच दिसत नाही. कुटुंबाची म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीची पसंती ठरते तेव्हा कुटुंबातले बहुतेक लोक आणि गाडीच्या आयुष्यातली बहुतेक वर्षं गैरहजर असतात. त्या पसंतीचा खर्च मात्र या गैरहजर लोकांच्या आणि वर्षांच्याच माथी येतो. आजच्या गाड्यांबद्दलची खरी तक्रार ही आहे, आणि विक्रीचे आकडे तिला उत्तर देत नाहीत.

शिवाय ग्राहकाच्या आवडीचं कौतुक सांगणारे लोक कराची गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. २००६च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. तेव्हापासून भारतातल्या कितीतरी गाड्यांची आखणी या एका रेषेपाशी येऊन थांबते. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोचं शेपूट छाटून इंडिगो सीएस आणली. मारुतीची स्विफ्ट डिझायर आली तेव्हा ४१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ मध्ये ती ३९९५ झाली आणि डिकी ४४० लिटरवरून ३१६ लिटरवर आली. न्यायाने बोलायचं तर त्या फेरबदलात गुडघ्यांची जागा कमी झाली नाही, कात्री चालली ती डिकीवर. पण गणपतीला कोकणात निघालेल्या घरातली जी बॅग डिकीत मावत नाही ती जाते कुठे? मागच्या सीटवरच्या कुणाच्या तरी मांडीवर.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटीच्या नव्या दरांनी ही रेषा आणखी ठळक केली. छोट्या गाडीला १८ टक्के, त्या मापात न बसणाऱ्या पेट्रोल-डिझेल गाडीला ४० टक्के. आत बसणाऱ्यांना जागा किती मिळते, गाडी किती वर्षं टिकते, याची दखल हा कर घेत नाही. मोजपट्टी लागते ती बंपरपासून बंपरपर्यंत.

बरं, चार मीटरमध्ये जागा होतच नाही असंही नाही. रेनोची ट्रायबर २०१९ मध्ये आली. लांबी ३९९० मिलिमीटर, पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, ते २६३६. मधली रांग पुढेमागे सरकते, तिसरी रांग काढून घरी ठेवता येते. जवळपास त्याच लांबीच्या किया सॉनेटचा व्हीलबेस २५००, २०१७च्या डिझायरचा २४५०. चाकं गाडीच्या टोकांकडे ढकलली की मधली जागा वाढते, इतका हा सरळ हिशोब आहे. सगळ्यांचं अंगण एकाच मापाचं, घर कसं बांधायचं हे ज्याने त्याने ठरवलेलं. कुणी नाकाच्या रुबाबावर जागा खर्च केली, कुणी गुडघ्यांवर.

हा हिशोब पुण्याला तर नवीन नाही. पिंपरीत घडलेली इंडिका १९९८च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवली गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाजारात आली. रतन टाटांनी तिच्यासाठी घालून दिलेली अट तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती: बाहेरून झेनएवढी, आतून अॅम्बेसेडरएवढी, किंमत मारुती ८०० च्या आसपास आणि चालवायचा खर्च डिझेलचा. मागची सीट डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या थोड्या भारतीय गाड्यांपैकी ती एक, आणि जागेची अट तिने खरोखर पाळली. सुरुवातीच्या इंडिकांनी मालकांना गॅरेजच्या वाऱ्या मात्र भरपूर घडवल्या. टाटांनी तक्रारी निस्तरत २००१ मध्ये व्ही२ आणली, आणि पुढची कित्येक वर्षं महाराष्ट्रातल्या रेल्वे स्टेशनांबाहेर आणि एसटी स्टँडांबाहेर टॅक्सी म्हणून तीच उभी राहिली. जागा पहिल्या आराखड्यात मिळाली, टिकाऊपणाला आणखी दोन वर्षं लागली. दोन्ही गोष्टी ठरवून कराव्या लागतात. इंडिकाच्या वेळी ते ठरवलं गेलं होतं.

आता एसयूव्हीत जागा जास्त असते हा समज. यातला खरा भाग आधी मान्य करू. उंच गाडीत चढणं सोपं असतं. ज्यांचे गुडघे दुखतात, जे साडी किंवा धोतर नेसतात, त्यांना खाली वाकून सेडानमध्ये उतरण्यापेक्षा कमरेच्या उंचीवरच्या सीटवर सरळ बसणं सोयीचं पडतं. हा फायदा खरा आहे. पण तो एसयूव्हीने शोधलेला नाही. १९९८ची सँट्रो आणि १९९९ची वॅगन-आर या उंच टोपीच्या छोट्या गाड्यांनी तो कितीतरी कमी पैशांत दिला होता, आणि त्यांच्या दिसण्याची तेव्हा टिंगल झाली होती.

चढून बसल्यानंतर काय, हा पुढचा भाग. बसण्याची जागा म्हणजे नुसतं गुडघ्यांपुढचं अंतर नव्हे. सीटची गादी जमिनीपासून किती उंच आहे, ती मांडीला गुडघ्याजवळपर्यंत आधार देते की अर्ध्यातच संपते, पाठ किती कलते, पाय पुढच्या सीटखाली सरकतात का, या चार गोष्टींवर तीन तासांनंतरची कंबर ठरते. विजेवर चालणाऱ्या अनेक गाड्यांमध्ये, खास करून पेट्रोल गाडीवरूनच बेतलेल्या गाड्यांमध्ये, बॅटरी पायाखाली आल्याने मागची जमीन वर येते. सीट तेवढी उचलली जात नाही. गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि सगळं वजन बुडावर येतं. माहितीपत्रकात गुडघ्यांची जागा तीच असते. छतात काच बसवली की तिच्या चौकटीसाठी डोक्यावरची बोटभर जागा जाते. मागे उतरतं छप्पर दिलं, जे सध्या ‘कूपे एसयूव्ही’ या नावाने विकलं जातं, तर उंच माणसाचं डोकं आणखी अडचणीत. खिडकीची खालची कड मागे चढत जाते, त्यामुळे लहान मुलाला बाहेर दिसतं ते आभाळ, आणि घाटात त्याला उलटी होते. तिघांपैकी मधल्याची गत वेगळीच: पायाशी उंचवटा, गुडघ्यापुढे एसीचं नळकांडं, पाठीला घडी घातलेला आर्मरेस्ट. कागदावर गाडी पाच जणांची.

अपवाद आहेत, आणि ते सांगायलाच हवेत, कारण करता येतं हे त्यांच्यावरून कळतं. सिट्रोएन बसाल्टने उतरत्या छपराखालीही मागच्या गादीचा मांडीकडचा भाग वर-खाली करण्याची सोय दिली. किया सायरॉसने चार मीटरच्या आत मागची सीट सरकती आणि कलती केली.

इथे प्रतिपक्षाचा सगळ्यात बळकट मुद्दा येतो. सायरॉसची मागची सीट सॉनेटपेक्षा कितीतरी सुखाची, तरी जास्त विकते ती सॉनेट. मग लोकांना मागची सीट नकोच आहे की! या मुद्द्याला उत्तर देण्याआधी त्याच्याच पंगतीतलं आणखी एक उदाहरण घ्यावं, कारण ते जास्त बोलकं आहे.

टोयोटा इटिऑस. डिसेंबर २०१० मध्ये आली. बिडदीच्या कारखान्यातली, खास भारतासाठी आखलेली सेडान. व्हीलबेस २५५० मिलिमीटर, म्हणजे तिच्याहून बरीच महाग असलेल्या त्या वेळच्या होंडा सिटीएवढा. मागची जमीन जवळपास सपाट, त्यामुळे मधला माणूस खरोखर माणसासारखा बसायचा. डिकी ५९५ लिटरची. यंत्राच्या बाजूने दीड लिटरचं साधं पेट्रोल इंजिन, पाठोपाठ १.४ लिटरचं डिझेल, हाताचा गिअर, चमत्कार काही नाही. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिने चार तारेही मिळवले. आणि परीक्षकांनी काय लिहिलं? प्लास्टिक हलकं आहे, वेगाचा काटा डॅशबोर्डच्या मधोमध आहे, गाडी जुनाट दिसते. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण ही सगळी वाक्यं पुढच्या उजव्या सीटवर बसून लिहिलेली होती. खासगी ग्राहकाने तिच्याकडे पाठ फिरवली, टॅक्सीवाल्यांनी ती डोक्यावर घेतली, आणि मग ‘ही तर टॅक्सीची गाडी’ म्हणून उरलेल्या खासगी ग्राहकानेही नाक मुरडलं. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि इटिऑस बंद झाली.

टॅक्सीवाल्याने तीच गाडी का घेतली, याचा विचार ‘बाजाराचा कौल’ म्हणणारे करत नाहीत. टॅक्सीचा मालक हा एकमेव ग्राहक असा आहे की ज्याच्या हिशोबात मागची सीट आणि दहावं वर्ष दोन्ही हजर असतात. मागे बसणारा त्याला पैसे देतो. गाडी वर्कशॉपमध्ये उभी राहिली की त्या दिवशीची कमाई बुडते. तो डॅशबोर्डचं प्लास्टिक बोटाने दाबून पाहत नाही. २००० साली आलेली टोयोटाची क्वालिस, २००५ मध्ये तिच्या जागी आलेली इनोव्हा, मग २०१६ची क्रिस्टा, या रांगेतल्या गाड्या लाखो किलोमीटर पळवून झाल्यावरही जुन्या बाजारात भाव राखून असतात, कारण तिथे गाडी घेणारा माणूस इंजिनाचा आवाज ऐकून आणि सायलेन्सरचा धूर बघून पैसे मोजतो. हाही बाजारच आहे. त्याचा कौल मात्र कुणी छापत नाही. तेव्हा सायरॉस आणि सॉनेटच्या आकड्यांवरून एवढंच सिद्ध होतं की घरातला ग्राहक शोरूममध्ये दिसतं ते घेतो. मागच्या सीटची गरज नाही हे त्यावरून सिद्ध होत नाही.

‘पण आता दहा वर्षं गाडी ठेवतो कोण?’ हा पुढचा सवाल, आणि तो बहुधा पाच वर्षांनी गाडी बदलणारा माणूस विचारतो. गाडी त्याने विकली म्हणून ती मरत नाही. ती साताऱ्याला किंवा परभणीला जाते, दुसऱ्या मालकाच्या दारात उभी राहते. देशात वापरलेल्या गाड्या आज नव्या गाड्यांपेक्षा जास्त संख्येने हात बदलतात. गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं असतं आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. पहिल्या मालकापुरतं पाहिलं तरी गणित जमत नाही. बँका गाडीला सात वर्षांपर्यंत कर्ज देतात. वॉरंटी बहुतेकांची तीन वर्षांची. मारुतीची तर जुलै २०२४ पर्यंत दोनच वर्षांची आणि ४० हजार किलोमीटरची होती, तेव्हा ती तीन वर्षं आणि एक लाख किलोमीटर झाली. म्हणजे सात वर्षांच्या कर्जात चार वर्षं अशी येतात की हप्ता चालू असतो आणि बिघाडाची जबाबदारी कुणाचीच नसते. वाढीव वॉरंटी मिळते, पण तिचे पैसेही ग्राहकच भरतो.

या उघड्या वर्षांत काय होतं याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत, आणि ती ऐकीव नाहीत. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सने चीनमध्ये इतका मनस्ताप दिला की २०१३च्या मार्चमध्ये तिथल्या सरकारी वाहिनीने ग्राहकदिनाच्या कार्यक्रमात तो मांडला आणि कंपनीला ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात जगभरातल्या १६ लाख गाड्यांच्या गिअरबॉक्समधलं कृत्रिम तेल बदलून खनिज तेल भरायची मोहीम निघाली. उष्ण, दमट हवा आणि थांबत-सरकत चालणारी वाहतूक असेल तिथे ही अडचण जास्त, असं निदान होतं. अंधेरी-घाटकोपर रस्त्याचं वर्णन याहून नेमकं कुणी केलं नसेल. फोर्डच्या पॉवरशिफ्ट या तशाच जातीच्या गिअरबॉक्सची कथा आणखी वाईट. फोकस, फिएस्टा आणि इकोस्पोर्टचे ऑस्ट्रेलियातले मालक गाडी थरथरते म्हणून तक्रार घेऊन गेले तेव्हा दोष त्यांच्या चालवण्यावर ढकलला गेला. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने तक्रारी हाताळण्याच्या या पद्धतीबद्दल फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

इंजिनाचं उदाहरण तर प्रतिपक्षाच्या वर्मावरच बोट ठेवतं. फोर्डच्या एक लिटरच्या तीन सिलिंडरच्या इकोबूस्ट इंजिनाला २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं जगातलं सर्वोत्तम इंजिन म्हणून पुरस्कार मिळाला. या इंजिनात आवाज आणि घर्षण कमी व्हावं म्हणून तेलात भिजून चालणारे पट्टे वापरले होते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत याच इंजिनाच्या सुमारे १ लाख ३९ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या, कारण ऑइल पंप फिरवणारा पट्टा दगा देऊन इंजिनाचा तेलाचा दाब अचानक नाहीसा होण्याचा धोका होता. त्यातल्या इकोस्पोर्ट गाड्या चेन्नईजवळच्या कारखान्यातून अमेरिकेला गेलेल्या. युरोपात पूजो-सिट्रोएनच्या १.२ लिटरच्या प्युअरटेक इंजिनाचं असंच झालं. तेही आपल्या वर्गात पुरस्कारांवर पुरस्कार मिळवलेलं. त्याचा भिजका पट्टा झिजून त्याचा चुरा तेलाच्या वाटेत अडकू लागला, तेव्हा त्यांच्या मूळ कंपनीला, स्टेलँटिसला, २०२४ मध्ये त्या इंजिनांची हमी दहा वर्षं किंवा पावणेदोन लाख किलोमीटरपर्यंत वाढवावी लागली. परीक्षक नव्या इंजिनाला गुण देतात. पट्टा झिजायला लागतो तोवर पुरस्काराचं छायाचित्रही जुनं झालेलं असतं.

यावर ‘तुम्हाला नवं काहीच नको, तुम्ही पद्मिनीच्या जमान्यातले’ असा टोला हमखास येतो. पद्मिनीचे गोडवे गाणाऱ्यांना तिचं बॉनेट उघडून खंबाटकी घाटात पाणी ओतत उभं राहायचा अनुभव बहुधा विसरायला झालाय. कुर्ल्याला बनणारी ती फियाट ११०० ची भारतीय आवृत्ती ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या टॅक्सी-ताफ्यातून बाहेर पडली तेव्हा शहर हळहळलं, ते ठीकच. पण ती बिघडायची, सतत बिघडायची. गुण एवढाच की पाना-पक्कड घेऊन बसलेला कुणीही मिस्त्री तिला तासाभरात पुन्हा रस्त्यावर आणायचा. दुरुस्त होणं आणि न बिघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंधन-इंजेक्शन आणि गंजरोधक पत्रा यांनी आजची साधी गाडी पद्मिनीपेक्षा कितीतरी विश्वासू केली आहे. नवं तंत्र म्हणून ते नाजूकच असतं असंही नाही. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’च्या २०२३च्या पाहणीत हायब्रिड गाड्यांमध्ये नुसत्या पेट्रोल गाड्यांपेक्षा २६ टक्के कमी तक्रारी आढळल्या, आणि प्लगने चार्ज होणाऱ्या हायब्रिडमध्ये १४६ टक्के जास्त. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये इंजिन आणि मोटर ग्रहमालेसारख्या दातेरी चक्रांनी जोडलेली असतात. झिजणारा क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही. १९९७च्या प्रियसपासून ती रचना तीच ठेवून घासूनपुसून घेतली गेली. म्हणून इनोव्हा हायक्रॉसचं हायब्रिड भरवशाचं वाटतं. टोयोटालाही सूट नको: मे २०२४ मध्ये तिने अमेरिकेत टुंड्रा आणि लेक्ससच्या एक लाखावर गाड्या इंजिनात राहिलेल्या धातूच्या कचऱ्यामुळे परत बोलावल्याच. प्रश्न नव्या-जुन्याचा नाहीच. वीस लाख रुपयांच्या गाडीत पैसे कुठे घातले, एवढाच आहे.

ते कुठे घातले जातात हे दिसतंच आहे. जे. डी. पॉवरच्या अमेरिकेतल्या २०२४च्या टिकाऊपणाच्या पाहणीत, म्हणजे तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या पाहणीत, सगळ्यात जास्त तक्रारी इंजिनाच्या नव्हत्या, ब्रेकच्या नव्हत्या. त्या होत्या स्क्रीन आणि त्यामागच्या यंत्रणेच्या, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या वर्गाच्या जवळपास दुप्पट. सनरूफचं तर आपल्या पावसाशी हाडवैर आहे. काचेच्या चौकटीत साचणारं पाणी बारीक नळ्यांतून खांबांच्या आत उतरतं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीच्या नळ्या पानांच्या चुऱ्याने तुंबल्या की तेच पाणी छताच्या कापडात आणि पुढे गालिच्यात मुरतं, आणि गालिच्याखाली वायरिंग असतं. तीन-चार पावसाळ्यांत हे होऊ शकतं. शोरूममध्ये काच सरकताना पाहून मुलं टाळ्या वाजवतात.

राहता राहिली सुरक्षा. पाच तारे मिळाले की मागे बसलेलेही सुखरूप, असं सगळे धरून चालतात. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅपच्या समोरून धडकेच्या चाचणीत प्रौढ माणसाच्या आकाराचे पुतळे पुढच्या दोन सीटवर असतात. मागे असतात ते चाइल्ड सीटमधले दोन लहान मुलांचे. मागे बसलेल्या आजीचं काय होईल ते त्या ताऱ्यांत मोजलेलंच नसतं. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये हे मोजायला सुरुवात केली आणि चालकामागे लहान चणीच्या बाईचा पुतळा बसवला. पहिल्या फेरीत १५ छोट्या एसयूव्ही होत्या. दोनच उत्तम ठरल्या, नऊ थेट शेवटच्या पायरीवर गेल्या. २००७ नंतरच्या गाड्यांमध्ये पट्टा लावूनही मागे बसणाऱ्याला जिवावर बेतणारी इजा होण्याचा धोका पुढच्यापेक्षा ४६ टक्के जास्त, असं याच संस्थेचं म्हणणं. मागची सीट पूर्वीपेक्षा वाईट झाली असा याचा अर्थ नाही. पुढच्या सीटचा पट्टा आणि एअरबॅग सुधारत गेल्या, मागची तिथेच राहिली. आपल्याकडे मागच्या पट्ट्याची चर्चा व्हायला ४ सप्टेंबर २०२२ चा पालघरचा अपघात आणि मागे पट्टा न लावता बसलेल्या उद्योगपती सायरस मिस्त्रींचा मृत्यू व्हावा लागला. १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी सगळ्या प्रवाशांना पट्टा सक्तीचा केला. तो पट्टा किती चांगला असावा यावर मात्र बोलणं झालं नाही.

‘मग ग्राहकाने शहाणं व्हावं’ असं म्हणणं सोपं आहे. शहाणं व्हायला माहिती लागते. जर्मनीत गाडी तीन वर्षांची झाली की आणि पुढे दर दोन वर्षांनी तांत्रिक तपासणी होते, आणि कोणत्या मॉडेलमध्ये कितव्या वर्षी किती दोष निघाले हे ट्यूव्ह या तपासणी संस्थेचा अहवाल दरवर्षी छापतो. ब्रिटनमध्ये तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी एमओटी तपासणी, आणि कुठल्याही गाडीचा नंबर टाकून तिचा तपासणीचा इतिहास कुणीही फुकट पाहू शकतो. आपल्याकडे खासगी गाडीची तपासणी पंधराव्या वर्षी, पासिंग वाढवताना. तोवर फक्त पीयूसी. २०१९च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलवायला भाग पाडण्याचा अधिकार सरकारला मिळाला, पण परत बोलावणं हे ठरावीक दोषाचं उत्तर असतं. सातव्या वर्षी कुठल्या गाडीचा गिअरबॉक्स जातो आणि कुठल्या गाडीचा नाही, याचा तक्ता त्यातून मिळत नाही.

हा तक्ता बनवणं आता अवघड राहिलेलं नाही. ‘वाहन’ या सरकारी नोंदवहीत देशातल्या गाड्यांचं मॉडेल आणि वय नोंदलेलं आहे. व्यापारी वाहनांच्या तपासणीसाठी स्वयंचलित केंद्रं उभी राहताहेत, आणि इटिऑस, डिझायर, अर्टिगा, इनोव्हा या टॅक्सी म्हणून धावणाऱ्या गाड्या त्या केंद्रांवर जातात. घरोघरी उभ्या असलेल्या गाड्यांचीच ती भावंडं. कोणत्या मॉडेलच्या किती गाड्या, कितव्या वर्षी, कोणत्या दोषाने नापास झाल्या, एवढे तीन रकाने दरवर्षी जाहीर केले तरी पुरे. आणि कंपन्यांनी माहितीपत्रकात सनरूफच्या छायाचित्राखाली मागच्या सीटची चार मापं छापावीत: पुढची सीट सरासरी उंचीच्या चालकासाठी लावलेली असताना गुडघ्यांपुढे किती, गादीची लांबी किती, जमिनीपासून उंची किती, खांद्यांना रुंदी किती. ती मापं प्रत्येक कंपनीच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून असतात.